आरोपी मेला म्हणून तपास संपतो काय?

एखाद्या घरात पती आणि पत्नी दोघेही मृत सापडली, की आपल्या या छोट्याशा बेटावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळे ठाऊक झालेले असते. बाजारात, बसमध्ये, देवळाच्या अंगणात एकच वाक्य फिरत राहते, 'त्याने तिला मारले आणि मग स्वतःला संपवले.' दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र त्यावर 'ड्राम पासिओनेल' असा शिक्का मारते. तिसऱ्या दिवशी नातेवाईक घर धुऊन काढतात, चौथ्या दिवशी राख समुद्राला मिळते. मारणारा मेला, मरणारी मेली, आता न्यायालयात उभे कुणाला करणार, असे म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात.

आम्हाला हे मान्य नाही. फ्रेंच भाषेतून आलेल्या त्या दोन शब्दांवरही आमचा राग आहे. 'पासिओनेल' म्हटले की कुठे तरी प्रेमाचा वास येतो, जणू प्रेम फार झाले म्हणून हात सुटला! आपल्या मराठीत याला सरळ 'खून आणि त्यानंतर आत्महत्या' म्हणतात. पण तेदेखील सिद्ध झाल्यावर म्हणावे, आधी नव्हे. ते सिद्ध कसे होते आणि न झाल्यास काय घडते, याविषयी आज चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असे आम्ही योजिले आहे. विषय जड आहे, घरातल्या लहानग्यांसमोर मोठ्याने वाचण्याजोगा नाही, पण मोठ्यांनी तो टाळण्याजोगाही नाही.

इंग्लंडमधील एका प्रकरणापासून सुरुवात करू. आपली फौजदारी कार्यपद्धती बव्हंशी इंग्रजांकडून आलेली आहे, तेव्हा त्यांच्या चुका आपल्यालाही उपयोगी पडाव्यात. ७ ऑगस्ट १९८५ च्या पहाटे एसेक्स परगण्यातील टॉलशंट डार्सी या खेड्याजवळच्या 'व्हाइट हाउस फार्म' नावाच्या शेतवाडीत पाच माणसे गोळ्या घालून मारलेली आढळली. शेतकरी नेव्हिल बॅम्बर, त्यांची पत्नी जून, दत्तक कन्या शीला आणि शीलाची सहा वर्षांची जुळी मुले. पोलिसांना पहाटे साडेतीनच्या सुमारास दूरध्वनी केला होता तो दत्तक पुत्र जेरेमी याने. वडिलांचा फोन आला, बहीण वेडी झाली आहे आणि तिच्या हाती बंदूक आहे, असे त्याने सांगितले. पोलीस आले, उजाडेपर्यंत बाहेर थांबले, मग दार फोडून आत शिरले. दारे-खिडक्या आतून बंद. शीला आईवडिलांच्या खोलीत पडलेली, गळ्यात गोळी, अंगावर रायफल, शेजारी बायबल. तिला स्किझोफ्रेनिया होता, त्याच वर्षी ती रुग्णालयात राहून आली होती. मग आणखी काय हवे? वेडाच्या भरात बाईने घरच्यांना मारले आणि स्वतःवर गोळी झाडली, असे पोलिसांनी ठरवून टाकले.

एकदा ठरल्यावर पुढचे सगळे त्या ठरलेल्या गोष्टीप्रमाणे घडत गेले. रायफल हातमोजे न घालता उचलली गेली, तिच्यावरील बोटांचे ठसे तपासायला काही आठवडे लागले. घरच्यांना दुःख नको म्हणून रक्ताने भिजलेली अंथरुणे आणि गालिचे पोलिसांनीच जाळून टाकले. थोड्याच दिवसांत आईवडील आणि शीला यांच्या देहांचे दहनही होऊन गेले. या साऱ्यात दुष्ट हेतू कुणाचाच नव्हता. उलट दयाच होती. आणि त्या दयेपायी पुरावा राख झाला.

तीन दिवसांनी मावस भावंडे घरात गेली तेव्हा खालच्या मजल्यावरील बंदुकीच्या कपाटात त्यांना रायफलीचा सायलेन्सर सापडला. त्यावर तांबडा रंग लागलेला होता, तो स्वयंपाकघरातील चुलीवरच्या फळीच्या रंगाशी जुळला. तिथे नेव्हिल यांची मारेकऱ्याशी झटापट झाली होती, रायफलीचा दस्ता त्यातच मोडला होता. सायलेन्सरच्या आत रक्त होते, ते शीलाच्या रक्तगटाचे असल्याचे सरकारी पक्षाने मांडले. आता वाचकांनीच विचार करावा. सायलेन्सर लावलेल्या रायफलीने शीलाने स्वतःवर गोळी झाडली असेल, तर मेल्यानंतर खाली जाऊन तिने तो कपाटात ठेवला कसा? शिवाय सायलेन्सर लावला की रायफल इतकी लांब होत होती की नळी गळ्याशी धरून तिचा हात घोड्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते, असेही सांगण्यात आले.

दुसरी गोष्ट तिच्या हातांची. घरात एकूण पंचवीस गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या रायफलीत एका वेळी दहा गोळ्या भरता येत, म्हणजे निदान दोनदा तरी पुन्हा भराव्या लागल्या. गोळ्या भरताना बोटांना शिशाचा आणि तेलाचा मळ लागतो. शीलाचे हात स्वच्छ होते, नखे शाबूत होती. सव्वासहा फुटी बापाशी झुंज देऊन आलेल्या स्त्रीचे हात असे असतात काय?

तिच्या गळ्यावर जखमा दोन होत्या. आपल्यापैकी कुणीही म्हणेल, आत्महत्या करणारा दोनदा गोळी कशी झाडील! पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी असे म्हटले नाही. पहिल्या जखमेने लगेच मरण येईलच असे नाही, दुसरीने मात्र तत्काळ आले असणार, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे नुसत्या दोन गोळ्यांवरून काहीच ठरत नव्हते. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. गावच्या गप्पांत जो मुद्दा बिनतोड ठरतो तो शवविच्छेदनाच्या मेजावर टिकत नाही, आणि जो सायलेन्सर कुणाच्या ध्यानीमनीही नसतो त्यावर सगळे प्रकरण फिरते.

जेरेमीच्या मैत्रिणीने पुढे सप्टेंबरात पोलिसांकडे जाऊन वेगळीच हकीकत सांगितली. घरातून खिडकीवाटे बाहेर पडून ती बाहेरून आपटली की आतली कडी आपोआप बसते, हेही उघड झाले. ऑक्टोबर १९८६ मध्ये चेम्सफर्डच्या न्यायालयाने दहा विरुद्ध दोन अशा बहुमताने त्याला पाचही खुनांबद्दल दोषी धरले. वारसाहक्काचा लोभ हे कारण. न्यायाधीशांनी पोलिसांच्या तपासावर ताशेरे ओढले. २००२ मध्ये अपील फेटाळले गेले, पण जेरेमी बॅम्बर अजूनही आपण निर्दोष असल्याचे सांगतो, आणि सायलेन्सर आधी नातेवाइकांच्या हातांतून गेला असल्याने त्यातील रक्ताविषयीचा वाद काही मिटत नाही. तो मिटत नाही याचे कारणच असे की पहिल्या दिवशी जे जपायला हवे होते ते जपले गेले नाही. तो दोषी असेल तर एका आजारी, मृत बाईच्या माथी आपल्या दोन्ही लेकरांच्या हत्येचे पातक महिनाभर लादले गेले. तो निर्दोष असेल तर एका माणसाचे सारे आयुष्य तुरुंगात गेले. सत्य कुठलेही असो, त्या जाळलेल्या गालिच्यांची किंमत कुणीतरी मोजतोच आहे.

आपल्याकडे बंदुका क्वचित. आपली शस्त्रे घरातलीच, सुरी, उसाचा कोयता, दोरी, रॉकेल, तणनाशकाची बाटली. म्हणून आपल्या घरांत घडणाऱ्या अशा मृत्यूंत तपास करणारे काय पाहतात ते जरा सविस्तर सांगतो.

समजा, पत्नी सुरीच्या वारांनी मेली आहे आणि पती शेजारच्या खोलीत गळफास घेतलेला आहे. पहिला प्रश्न रक्ताचा. इतक्या जवळून वार करणाऱ्याच्या हातावर आणि कपड्यांवर तिचे रक्त उडतेच. त्याच हातांनी त्याने दोरी बांधली असेल तर दोरीच्या गाठीवर, ज्या खुर्चीवर चढला तिच्या पाठीवर, दाराच्या कडीवर ते रक्त सापडले पाहिजे. हात रक्ताळलेले आणि दोरी कोरी, तर मध्ये काय झाले? त्याने हात धुतले काय? मग न्हाणीच्या मोरीत खूण असेल. नसेल तर दोरी बांधणारे हात दुसऱ्या कुणाचे? त्याचे हात स्वच्छ आणि सदऱ्यावर डाग मात्र आहेत, तर ते डाग उडालेले आहेत की पुसलेले, हे त्यांच्या आकारावरून कळते.

दुसरा प्रश्न गळ्यावरच्या वळाचा. लटकलेल्या देहाच्या गळ्यावरील वळ सहसा वरच्या बाजूला, हनुवटीखाली असतो आणि गाठीकडे तिरका चढत जातो. मागून दोरी आवळून मारलेल्याच्या गळ्यावर तो बहुधा खालच्या बाजूला, आडवा आणि जवळजवळ पूर्ण फिरलेला असतो. एकाच गळ्यावर दोन वळ दिसले तर डॉक्टर थबकतात. आधी आवळले आणि मग लटकवले असे तर नाही? अशा वेळी गळ्याचे स्नायू थरथर सोडवून पाहतात, वरवर पाहून भागत नाही.

तिसरी खूण आम्हाला शिक्षकी नजरेतून फार उद्बोधक वाटली. हृदय थांबले की रक्त वजनाने खाली उतरते आणि देहाचा जो भाग खाली असेल तिथे जांभळट रंग धरतो. लटकलेल्या माणसाच्या पायांना आणि हाताच्या पंजांना तो येतो, उताण्या पडलेल्याच्या पाठीला येतो. काही तासांनी तो रंग पक्का बसतो, मग देह हलवला तरी जात नाही. लटकलेल्या देहाच्या पाठीवर पक्का जांभळा रंग दिसला, तर तो माणूस मेल्यानंतर कित्येक तास उताणा पडलेला होता हे देह स्वतःच सांगतो. देहाला खोटे बोलता येत नाही. फक्त त्याचे ऐकणारा वेळेवर पोहोचायला हवा.

सुरीच्या जखमांतही फरक असतो. स्वतःला कापून घेणाऱ्याच्या मनगटावर मुख्य जखमेशेजारी चार-दोन उथळ समांतर ओरखडे दिसतात, हात आधी कचरतो म्हणून. ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या तळव्यांवर, बोटांच्या आतल्या बाजूला, कोपराखालच्या हातावर वार असतात, कारण माणूस हात आडवे घालतोच. जळालेल्या देहाच्या श्वासनलिकेत काजळी आहे काय, रक्तात धुराचा विषारी वायू आहे काय, यावरून आग लागली तेव्हा श्वास चालू होता की नाही हे कळते. पेट्रोलच्या भडक्यात मरण इतके झटपट येऊ शकते की धूर फारसा आत जातच नाही. तेव्हा एका खुणेवरून निकाल देणारा डॉक्टर चांगला नव्हे. सगळ्या खुणा एकमेकींशी जुळवून पाहणारा चांगला.

मृत्यूची वेळ हा मोठा घोटाळ्याचा विषय आहे. चित्रपटांत डॉक्टर एका नजरेत 'रात्री दहा ते अकरा' असे सांगून टाकतात. वर्गात आम्ही मुलांना शिकवतो की गरम वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जितके अंतर जास्त तितकी ती लवकर निवते. देहाचे तापमान सदतीस अंश. युरोपातल्या हिवाळ्यात देह भराभर थंड होतो. पोर्ट लुईच्या जानेवारीत बाहेरच तीस-बत्तीस अंश असतात, पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही अधिक, तिथे तो फारच सावकाश निवतो आणि कुजण्याची क्रिया मात्र घाईने सुरू होते. म्हणून पोलिसांचा डॉक्टर घटनास्थळी किती वेळाने पोहोचला आणि खोलीचे तापमान त्याने लिहून घेतले की नाही, याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. एका तासाच्या आत झालेल्या दोन मृत्यूंत आधी कोण गेले, हे नुसत्या तापमानावरून कुणीच सांगू शकणार नाही. त्यासाठी पुन्हा रक्ताकडेच वळावे लागते, कुणाचे रक्त कुणावर पडले आणि कुणाच्या रक्तात कुणाचे पाऊल उमटले.

आपल्या वर्तमानपत्रांत शवविच्छेदनाचा निष्कर्ष एका ओळीत येतो. 'लोतोप्सी' झाली, 'एडीम पुल्मोनेर' निघाला, बस. घरोघरी हा शब्द आता एखाद्या रोगाच्या नावासारखा वापरला जातो. पण फुप्फुसांत पाणी साठणे ही एक स्थिती आहे. ती हृदयविकाराने येते, बुडण्याने येते, मादक द्रव्याच्या अतिमात्रेने येते, विषानेही येते. ती का आली, हे सांगितल्याशिवाय कुटुंबाला काहीच सांगितले असे होत नाही. रक्त आणि पोटातील द्रव्य फोरेन्सिक प्रयोगशाळेकडे जाते, त्याचा अहवाल यायला वेळ लागतो, आणि तो येईपर्यंत लोकांनी आपापली गोष्ट रचून टाकलेली असते. अहवाल आला तरी तो वाचायला कोण जातो?

विषाची गोष्ट निघाली म्हणून आपल्या पूर्वजांच्या मुलखातले एक उदाहरण सांगतो. साताऱ्या-कोल्हापुराशी नाते सांगणारी कितीतरी घराणी आपल्याकडे आहेत. त्याच भागात, सांगली जिल्ह्यातील मिरजेजवळच्या म्हैसाळ गावी २० जून २०२२ रोजी एकाच कुटुंबातील नऊ माणसे दोन घरांत मृत सापडली. दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुले, म्हातारी आई. एक भाऊ शिक्षक होता, दुसरा जनावरांचा डॉक्टर. चिठ्ठ्या सापडल्या, त्यांत सावकारांची नावे होती. कर्जाला कंटाळून सगळ्या कुटुंबाने विष घेतले असे जाहीर झाले, पोलिसांनी सावकारांची धरपकडही केली. गोष्ट पटण्यासारखी होती. कर्ज खरे होते, सावकार खरे होते, महाराष्ट्रातल्या खेड्यांत हे दुःख नवे नाही. पण आठवड्याच्या आत पोलिसांनी दोन इसमांना पकडले आणि हा सामूहिक खून असल्याचे सांगितले. गुप्तधन काढून देतो म्हणून या कुटुंबाकडून पैसे घेतलेल्या मांत्रिकाने चहातून विष दिले, असा आरोप ठेवण्यात आला. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे आम्ही जाणतो. आमचा मुद्दा एवढाच की हातात चिठ्ठी आणि डोळ्यांसमोर कर्ज असतानाही जर तपास पुढे चालू राहिला नसता, तर 'कर्जापायी' एवढ्या एका शब्दावर नऊ माणसांची चिता पेटून विझली असती.

कॅनडातही असेच झाले. औषधांच्या धंद्यातील धनाढ्य गृहस्थ बॅरी शर्मन आणि त्यांची पत्नी हनी १५ डिसेंबर २०१७ रोजी टोरोंटोच्या आपल्या घरी तरणतलावाशेजारी मृत आढळली. पट्ट्यांनी गळे कठड्याला बांधलेले. पोलिसांकडूनच झिरपलेल्या बातमीवरून वर्तमानपत्रांनी नवऱ्याने बायकोला मारून स्वतःला संपवले असे छापले. मुलांनी ते मानले नाही, स्वतःच्या खर्चाने दुसरे शवविच्छेदन करवून घेतले. २६ जानेवारी २०१८ रोजी पोलिसांनी हा दुहेरी खून असल्याचे मान्य केले. मारेकरी आजवर सापडलेला नाही. त्या मुलांकडे पैसा होता. कास्कावेलच्या किंवा वाकोआच्या एखाद्या मजुराच्या मुलांनी दुसरा डॉक्टर कुठून आणावा? म्हणून पहिलेच शवविच्छेदन नीट झाले पाहिजे, हा आमचा आग्रह.

आपल्याच बेटावरचे उदाहरण विचाराल, तर ऑक्टोबर २०२० मध्ये मोकाजवळ तेल्फेर येथे उसाच्या शेतात सापडलेला जळालेला देह कुणी विसरलेले नाही. ते प्रकरण पती-पत्नीचे नव्हे, आणि त्यातल्या राजकारणात आम्हाला शिरायचे नाही. पण पोलिसांनी प्रथम आत्महत्या म्हटले, पत्नीने ते मानले नाही, आणि मोकाच्या न्यायालयात न्यायिक चौकशी झाली, एवढे सर्वांना माहीत आहे. इंग्लंडात अशा मृत्यूंसाठी कोरोनर असतो, आपल्याकडे ते पद नाही. सरकारी अभियोग संचालकांनी ठरवले तरच जिल्हा न्यायालयात चौकशी होते. जिथे मारणाराही मेलेला आहे असे मानले जाते, तिथे अशी चौकशी मागणार कोण? माहेरचे लोक रडत असतात, सासरचे लोक लाजेने घराबाहेर पडत नाहीत.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, बहुतेक वेळा तर शेजारी म्हणतात तेच खरे निघते ना? होय, बहुतेक वेळा तसेच निघते. देशोदेशीच्या अभ्यासांत हेच आढळते की अशा घटनांत मारणारा बहुधा पुरुष असतो, मरणारी त्याची बायको किंवा त्याला सोडून गेलेली स्त्री असते. पण अशा वेळी तर शवविच्छेदनाला अधिकच काम असते. तिच्या देहावर केवळ त्या रात्रीच्या जखमा नसतात. पिवळट पडलेला आठवड्यापूर्वीचा मुका मार, हिरवट झालेला त्याच्या नंतरचा, कधीतरी मोडून वाकडी जुळलेली बरगडी, दंडावर बोटांचे ठसे. हे सगळे लिहून ठेवले तर 'क्षणिक राग' ही गोष्ट उरतच नाही. मग दिसते की ही रात्र कित्येक वर्षे चालत येत होती, आणि वाटेत तिला पाहिलेले लोक पुष्कळ होते.

ग्लॉस्टरशायर विद्यापीठातील जेन मंक्टन स्मिथ या पूर्वी पोलिसात असलेल्या अभ्यासक बाईंनी ३७२ हत्यांचा अभ्यास करून २०१९ मध्ये दाखवून दिले, की जोडीदाराची हत्या अचानक होत नाही, तिच्या आठ पायऱ्या असतात. संशय, पहारा, धाक, सोडून जाण्याची भाषा, धमक्या, मग तयारी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून घरगुती हिंसेतल्या प्रत्येक मृत्यूचा आढावा घेणे बंधनकारक आहे, मारणारा जिवंत असो वा मेलेला. ती बाई डॉक्टरकडे किती वेळा गेली, पोलीस ठाण्यात काय बोलली, शाळेने मुलांत काय पाहिले, हे सारे त्यात तपासतात. आपल्याकडे घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा १९९७ पासून आहे, न्यायालयातून संरक्षणाचा हुकूमही मिळतो. हुकूम हाती असतानाही मृत्यू झाला तर त्या कागदाचे काय झाले, हे कुणीतरी विचारायला हवे. आरोपी मेला म्हणून हा प्रश्न मरत नाही.

शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अशा घरांत मुले मागे राहतात. काही वर्षांपूर्वी असा एक मुलगा आमच्या वर्गात आला. आजीकडे राहत होता, वही नेटकी ठेवीत होता, बोलत फारसा नव्हता. एके दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी त्याला बापाच्या नावाने हाक मारली आणि पुढे एक शब्द जोडला. तो रडला नाही. त्याने आम्हाला विचारले, 'सर, हे पोलिसांनी लिहिले आहे काय?' त्याला खरोखरच माहीत नव्हते. घरात कुणी कागद पाहिला नव्हता, ते काम काकांनी निस्तरले होते, आणि काका त्याविषयी बोलत नसत. त्या मुलाला उत्तर हवे होते. कडू असते तरी त्याने ते घेतले असते. लोकांच्या तोंडच्या गोष्टीवर त्याने मोठे व्हावे, असे आम्हाला तरी वाटत नाही.

आपल्या समाजात शवविच्छेदनाविषयी नाराजी आहे, ती आम्ही समजू शकतो. कांदोसच्या शवागाराबाहेर ताटकळणे, देह चिरला जाणार ही कल्पना, उन्हाळ्यात लवकर दहन करण्याची घाई, दूरचे नातेवाईक येऊन बसलेले. तरीही अशा मृत्यूंत कुटुंबातल्या एका शहाण्या माणसाने पुढे होऊन काही प्रश्न विचारावेत. दोन्ही देहांचे शवविच्छेदन सारख्याच काळजीने झाले काय, की मारणारा ठरवलेल्याचे उरकून टाकले? नखांखालचे नमुने घेतले काय? रक्ताचे नमुने राखून ठेवले काय? कपडे कुठे आहेत? हे दहनापूर्वीच विचारायचे, कारण चितेनंतर त्यांना उत्तर नाही. पुरलेला देह गरज पडली तर पुन्हा उकरता येतो, आपल्याला ती सोय नाही. आणि अंतिम अहवाल आला की तो मागून घ्यावा, एखाद्या वकिलाकडून किंवा डॉक्टरकडून समजावून घ्यावा. त्याची प्रत घरात राहू द्यावी, आज ना उद्या मुले ती मागतील.

आपल्या मंडळ्या गणेश चतुर्थीला, शिवजयंतीला सभागृहे भरवतात. वर्षातून एक संध्याकाळ एखाद्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा पोलिसांच्या डॉक्टरला बोलावून हा विषय बोलता करायला हरकत नाही. विशेषतः महिला मंडळांनी ते करावे. दुर्घटनेच्या घरी सर्वांत आधी धावून जातात त्या शेजारच्या बायकाच. त्या काकी, त्या मावशी मायेपोटी पदर खोचतात, फरशी पुसतात, अंगावर चादर घालतात, विखुरलेली भांडी गोळा करतात, पाहुणे येतील म्हणून चूल पेटवतात. त्यांना कुणी आधीच सांगून ठेवायला हवे की त्या दिवशी दाराबाहेरच थांबायचे, मुलांना आपल्या घरी न्यायचे आणि पोलिसांच्या 'सोको'ची माणसे काम आटोपून जाईपर्यंत आत कशालाही हात लावायचा नाही. मोरीत पडलेला चहाचा पेलासुद्धा विसळायचा नाही.